शब्दचर्चा : शुल्क, कर, उपकर, अधिभार. पेट्रोलच्या दरात कुठला शब्द कशासाठी?

होटगीरोडकर : इंधन दराची बातमी वाचायला घेतली की शब्दांची नुसती गर्दी होते. उत्पादन शुल्क, अबकारी, उपकर, अधिभार, सेस, व्हॅट, मूल्यवर्धित कर. परवा एकाच बातमीत वर ‘उपकर’, खाली ‘अधिभार’, आणि रक्कम तीच. हे समानार्थी शब्द आहेत, की लिहिणाऱ्याला जो आठवेल तो? आमच्या रिक्षा स्टँडवर सगळ्याला एकच शब्द आहे, ‘ट्याक्स’, आणि त्यानं भागतंही. पण मुलीला शाळेत ‘पेट्रोलचा दर कसा ठरतो’ यावर निबंध लिहायचाय, तिथं ‘ट्याक्स’ चालणार नाही.

करकाका : समानार्थी अजिबात नाहीत. प्रत्येक शब्दामागं पैसा वेगळ्या तिजोरीत जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केंद्र पेट्रोलवर जे घेतं त्याला मिळून ‘केंद्रीय उत्पादन शुल्क’ म्हणतात. पण आत चार तुकडे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये दोन रुपये वाढल्यावर पेट्रोलचा हिशेब असा झाला : मूळ उत्पादन शुल्क १.४० रुपये, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क १३ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५ रुपये, कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर अडीच रुपये. एकूण लिटरमागं २१.९०. डिझेलला तेच तुकडे, एकूण १७.८०.

उपकर म्हणजे सेस. ज्या कामाचं नाव घेऊन पैसा गोळा केला, त्याच कामाला तो लागावा ही अपेक्षा. अधिभार म्हणजे सरचार्ज, आधीच्या कर-शुल्कावर चढवलेला भार. त्याला कामाचं नाव चिकटलेलं नसतं. या दोन्हींत एकच गोष्ट सारखी : केंद्रानं घेतलेला उपकर किंवा अधिभार राज्यांना वाटावा लागत नाही. ‘विशेष अतिरिक्त’ शुल्कही वाटपाबाहेरच. वाटपात येतं ते फक्त मूळ शुल्क, एक रुपया चाळीस पैसे. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा वित्त आयोग सुचवतो; पंधराव्या आयोगाच्या ४१ टक्क्यांनी त्यातले सुमारे ५७ पैसे सगळ्या राज्यांना मिळून जायचे आणि महाराष्ट्राच्या वाट्याला यायचे साधारण साडेतीन पैसे. एकवीस रुपये नव्वद पैशांतून साडेतीन पैसे! म्हणून ‘उपकर काय नि शुल्क काय, सारखंच’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

लष्करवाला : काका, ‘अबकारी’ राहिलं. आमच्याकडं अबकारी म्हटलं की दारूच आठवते.

करकाका : बरोबर आठवते. महाराष्ट्रात दारूचं खातं ‘राज्य उत्पादन शुल्क’, आणि बोलण्यात अबकारी तिलाच चिकटलीय. पेट्रोलबद्दल लिहिताना ‘केंद्रीय’ हा शब्द गाळू नये, एवढंच. नुसतं ‘उत्पादन शुल्क वाढलं’ असं शीर्षक दिलं तर अर्धे वाचक बिअर शॉपीकडं बघतात.

राज्य जे घेतं तो ‘मूल्यवर्धित कर’, व्हॅट. मुंबई, ठाणे, नवी मुंबईला पूर्वी तो जास्त टक्क्यांनी होता, जुलै २०२४ पासून राज्यभर सारखा झाला : पेट्रोलला २५ टक्के आणि वर लिटरमागं ५.१२ रुपये, डिझेलला २१ टक्के. २०१५ साली दुष्काळासाठी म्हणून राज्यानं पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये चढवले होते, ते आठवत असतील. दुष्काळ सरला तरी पेट्रोलवरची लिटरमागची वेगळी रक्कम काही गेली नाही, कमी-जास्त होत राहिली.

निबंधात एक वाक्य जरूर घाला : केंद्राचं शुल्क लिटरवर, राज्याचा व्हॅट किमतीवर. कच्चं तेल महागलं तरी केंद्राची लिटरमागची रक्कम आपोआप वाढत नाही, राज्याची वसुली मात्र आपोआप फुगते. वर हा व्हॅट लागतो तो मूळ किंमत, केंद्राचं शुल्क आणि पंपवाल्याचं कमिशन धरून, म्हणजे करावरही कर. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, पण पेट्रोल-डिझेल अजून त्याच्या बाहेर आहे.

यार्डातला : मला ‘दर’ आणि ‘भाव’ यावर बोलायचंय. कांद्याचा आम्ही दर म्हणत नाही, भाव म्हणतो. भाव फुटतो, पडतो, चढतो, गाडी खाली होईस्तोवर कुणाला सांगता येत नाही. दर वरून येतो, जाहीर होतो. पेट्रोल २०१० च्या जूनमध्ये नियंत्रणमुक्त झालं, डिझेल २०१४ च्या ऑक्टोबरात. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी ६ ला नवा आकडा लावायची पद्धत आली. कागदावर बघितलं तर पेट्रोलचाही भावच व्हायला हवा होता. पण माणसं अजून ‘पेट्रोलचा दर’च म्हणतात, आणि मला वाटतं माणसांचंच बरोबर आहे. २०२२ च्या मेमध्ये केंद्राचं शुल्क कमी झालं, जुलैत राज्याचा व्हॅट कमी झाला, आणि त्यानंतर मार्च २०२४ पर्यंत पंपावरचा आकडा जवळजवळ हललाच नाही. त्या काळात कच्चं तेल किती वर-खाली झालं! असं गोठून बसतं त्याला आम्ही यार्डात भाव म्हणत नाही.

पाकणीकर : टँकरच्या बाजूनं थोडं. ‘मूळ किंमत’ हा शब्द फसवा आहे. लोकांना वाटतं मूळ म्हणजे कच्चं तेल. तसं नाही. शुद्धीकरण कारखान्याच्या दाराशी तयार पेट्रोलचा जो भाव धरतात तो परदेशी बाजारातल्या तयार मालाशी जोडलेला असतो, आणि सगळा डॉलरात. रुपया घसरला की तेल स्वस्त असूनही इकडं महागच पडतं.

त्यात पुढं ‘वाहतूक’. सोलापूरला माल पाकणीच्या डेपोतून मिळतो, तिथवर मुंबई-पुण्याकडून पाइपलाइन आलीय. पाकणीहून टँकर निघतात ते जिल्ह्यातल्या पंपांवर. अक्कलकोटचा आकडा नि शहरातला आकडा पैशांत वेगळा दिसतो तो त्या भाड्यामुळं. आमच्यात त्याला भाडंच म्हणतात, ‘वाहतूक खर्च’ फक्त छापतात.

टाकळीपूल : विजापूर रोडनं जाणाऱ्या ट्रकवाल्यांचा शब्द कुणी लिहिला नाही. ‘पलीकडं टाकू.’ पलीकडं म्हणजे भीमेचा पूल ओलांडून धुळखेडच्या बाजूला, कर्नाटकात. तिकडं याला व्हॅट म्हणत नाहीत, विक्रीकर म्हणतात. जून २०२४ पर्यंत डिझेलवर तो १४.३४ टक्के होता, लिटरमागं चांगला फरक पडायचा, मोठी टाकी असली की जेवण सुटायचं. मग १८.४४ झाला, एप्रिल २०२५ ला २१.१७. आपल्याकडं २१. आता डिझेलसाठी मुद्दाम पूल ओलांडण्यात काही दम राहिला नाही. शब्द मात्र तोंडात बसलाय, अजून म्हणतात.

होटगीरोडकर : सगळ्यांचे आभार. लेकीनं वाचून एक शंका काढलीय : ‘प्रति पिंप ७० डॉलर’ मधलं पिंप म्हणजे आपल्या मोरीतलं का?

पाकणीकर : नाही हो अण्णा. मोरीतलं निळं पिंप दोनशे लिटरचं, चार दिवस पाणी पुरवायचं. तेलाच्या व्यवहारातलं पिंप १५९ लिटरचं, आणि आता ते फक्त मोजायचं माप राहिलंय, माल जहाजातून आणि नळातून जातो. तिला ‘बॅरल’ लिहू द्या, बाई मार्क कापणार नाहीत.

लष्करवाला : आणि पंपवाल्याच्या कमिशनला काय लिहायचं? दलाली की अडत?

यार्डातला : अडत नाही. अडत असते विकून दिल्याबद्दल, माल दुसऱ्याचा असतो. पंपवाला माल आधी विकत घेतो, पैसे आगाऊ भरतो, मग विकतो. ‘विक्रेत्याचं कमिशन’ लिहा. आमच्या पंपाच्या पावतीवर दर, लिटर आणि रक्कम एवढंच असतं. शुल्क किती, व्हॅट किती, कमिशन किती, तिथं काही सापडणार नाही. शुल्क आणि व्हॅटचे आकडे निबंधात घ्यायचे तर काकांच्या वरच्या हिशेबातूनच घ्या, आणि शेजारी महिना-वर्ष लिहायला सांगा, कारण ते बदलत राहतात.