जवानांचा दिवस नक्की कुठला धरायचा? ३० जानेवारी, २६ जुलै की ७ डिसेंबर?

राजारामपुरीची_आई: लेकीला (सातवी) शाळेत 'शहीद जवानांचा दिवस' यावर बोलायचंय. घरात तिघांची तीन मतं. सासरे म्हणतात ३० जानेवारी, हे म्हणतात २६ जुलै, आणि शाळेत झेंडे वाटतात ते ७ डिसेंबरला. नेटवर अमेरिकेचा मे महिन्यातला सोमवारही निघाला. कुठला धरू?

रंकाळा_चौपाटी: ३० जानेवारी. हुतात्मा दिन, गांधीजींची पुण्यतिथी. सकाळी ११ ला दोन मिनिटं स्तब्ध. विषय संपला.

माजी_सुभेदार_गडहिंग्लज: एवढ्यात कुठं संपतोय भावा! ३० जानेवारी स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्या सगळ्यांचा. २६ जुलै कारगिलचा. १९९९ च्या त्या लढाईत आपले ५२७ जवान गेले. १६ डिसेंबर १९७१ चा, ढाक्यात पाकिस्तानच्या ९३ हजारांनी हत्यारं खाली ठेवली तो. हे दोन्ही विजयाचे दिवस, त्यात बँड आणि भाषणं जास्त.

ताई, लेकीला ७ डिसेंबर घ्यायला सांगा. सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं ठरवलं, की वर्षातनं एकदा लोकांना छोटे झेंडे द्यायचे आणि निधी गोळा करायचा. लाल म्हणजे पायदळासकट सगळी भूसेना, गडद निळा नौदल, फिकट निळा हवाई दल. पैसा जातो वीरपत्नींकडं, जायबंदी जवानांकडं, माजी सैनिकांकडं. गेलेल्याला सलाम सगळेच ठोकतात, त्याच्या माघारी चूल कशी पेटते ते विचारणारा हा एकच दिवस.

आमच्या गल्लीत एक वीरपत्नी आहेत. दर २६ जुलैला शाल, श्रीफळ, फोटो. कपाटाचा एक खण नुसत्या शालींचा, घडीसुद्धा मोडलेली नाही. पोरीच्या नर्सिंगच्या फीला हातभार लागला तो सैनिक कल्याण कार्यालयातनं. आणि आपल्याकडं काय चालतं? ऑफिसात 'इष्टांक (निधीचं टार्गेट) किती झाला?' शाळेत पोरं दहा रुपये आणतात, झेंडा खिशाला टाचतात, मधल्या सुट्टीत तो मैदानात पायाखाली.

टाकळीकर: सुभेदारसाहेब, कडक! मी सैनिक टाकळीचा (ता. शिरोळ). आमच्याकडं घरटी फौजी, पार पहिल्या महायुद्धापासनं. ते अमेरिकेचं वेगळं. तिकडं यादवी युद्धानंतर १८६८ पासनं ३० मेला सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायचे, १९७१ पासनं मेचा शेवटचा सोमवार ठरला. इंग्रजांचा ११ नोव्हेंबर. १९१८ ला त्या दिवशी सकाळी ११ वाजता पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या. तो मात्र परका म्हणू नका. त्या युद्धात मेसोपोटेमियात (आताचं इराक) कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या युद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणजे इंडिया गेट, १९४७ नंतरच्यांची नावं तिथंच शेजारी राष्ट्रीय युद्ध स्मारकात. ते २०१९ चं.

रंकाळा_चौपाटी: बरं, विषय संपला नव्हता. 🙏

राजारामपुरीची_आई: ७ डिसेंबर पक्का. काका, शालींचं भाषणात घेतलं तर चालेल?

माजी_सुभेदार_गडहिंग्लज: घ्या की. फक्त गावाचं नाव नको, बाई संकोची आहेत. आणि भाषण झाल्यावर लेकीनं वर्गबाईंना विचारावं, गेल्या वर्षीच्या डब्यातले पैसे भरल्याची पावती कुठाय. आमच्या नातवानं विचारलं होतं, आठ दिवसांनी नोटीस बोर्डावर लागली.