मदत हवी आहे: ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटतो

गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, रत्नागिरीत मिऱ्या बाजूला उघड्यावरच उभी असते, म्हणजे खारा वारा बारा महिने. गेल्या महिन्यापासून मागच्या डाव्या बाजूचा ब्रेक लाइट पेटत नाही आणि ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो. उजवी बाजू एकदम ओके, पुढचे सगळे लाइट पण व्यवस्थित.

करून झालेलं सांगतो: बल्ब दोनदा बदलला (21/5 वॅटचा, दोन फिलामेंटवाला, साधाच, एलईडी नाही), फ्यूज ठीक आहेत, होल्डरला हिरवट गंज होता तो पॉलिश पेपरने घासून काढला. चार दिवस नीट चालतं, एक जोराची सर आली की परत तेच. होल्डरवर मीटर लावला, बल्ब काढून 12 व्होल्ट दाखवतो पण बल्ब बसवला की एकदम पडतो, म्हणून मला अर्थिंगचाच (बल्बमधून गाडीच्या बॉडीकडे करंट परत जाणाऱ्या जोडणीचा) संशय येतोय. गॅरेजवाला म्हणतो मागच्या लाइटची अख्खी असेंब्ली बदला, पण दोष वायरमधे असेल तर नवीन असेंब्ली घालून काय उपयोग?

गणपतीच्या आधी रात्रीचं आंबा घाटातून कोल्हापूरला जायचंय, धुक्यात ब्रेक लाइटशिवाय गाडी काढायची हिंमत नाही.

होल्डरच्या अर्थिंगला बॉडीवरून वेगळी वायर टाकली तर चालेल का, आणि जॉइंट परत गंजू नये म्हणून किनाऱ्यावरचे तुम्ही लोक त्यावर नेमकं काय लावता?