यशाची चित्रं मनात रंगवावीत की नाही?

निरभ्र
कल्पनाशक्तीचं कौतुक सगळेच करतात, ती वापरायची कशी हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. काम तडीस गेल्याचं गोड चित्र रंगवत बसणं त्या कामाला मारक ठरतं, असं माझं ठाम मत आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. 'वजन घटेल' असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त घटलं, पण बारीक झाल्याची सुखद दृश्यं रंगवणाऱ्यांचं कमी. २०११ मधल्या प्रयोगांत अशा मनोराज्यानंतर वरचा रक्तदाब उतरलेला दिसला. म्हणजे शरीर कामाला लागण्याऐवजी सैलावतं.

मनोराज्य करायचंच असेल तर या क्रमाने करावं. साधारण महिन्याभरात जमेल अशी, जरा अवघड एकच इच्छा धरा. तिचं सर्वांत सुखाचं फळ मिनिटभर डोळ्यांसमोर आणा. लगेच आड येणारी स्वतःमधली गोष्ट तितक्याच स्पष्टपणे पाहा. मग 'जर-तर'चं एकच वाक्य लिहा: 'जेवणानंतर हात फोनकडे गेला, तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वही उघडेन.' सगळं पाच-दहा मिनिटांत होतं. आधी अडथळा आणि मग फळ असा उलटा क्रम घेतला की परिणाम होत नाही. बहुतेकांचं बिनसतं ते अडथळ्यापाशी. 'वेळच मिळत नाही' हा अडथळा नव्हे, त्यावर 'तर' लिहिताच येत नाही. हात फोनकडे जातो तो क्षण पकडायला हवा.

पायवाट
तुमची पद्धत चांगली आहे, पण ती ध्येय ठरल्यानंतरची. कल्पनेचं खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ मध्ये मॅमथच्या सुळ्यात कोरलेल्या मूर्तीचे तुकडे सापडले. सुमारे ४०,००० वर्षं जुनी, जेमतेम ३१ सेंटिमीटर उंच, डोकं सिंहाचं आणि अंग माणसाचं. दगडी हत्यारांनी तिची प्रतिकृती करून पाहिली तेव्हा साडेतीनशेहून अधिक तास लागले. कुठेही अस्तित्वात नसलेल्या प्राण्यासाठी कोणीतरी इतकं राबलं! आइनस्टाइनचंही तेच. प्रकाशाच्या मागे त्याच वेगाने धावलो तर काय दिसेल, हा विचार त्याला सोळाव्या वर्षी सुचला आणि विशिष्ट सापेक्षता आली १९०५ मध्ये, दहा वर्षांनी. मोकळ्या कल्पनेला महिन्याभराची मुदत घातली असती तर यातलं काय हाती लागलं असतं?

निरभ्र
आइनस्टाइनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या चित्रात प्रकाशाची लाट जागच्या जागी गोठलेली दिसायला हवी होती. तशी लाट अनुभवात नाही आणि वीज, चुंबकत्व आणि प्रकाशाचे नियम सांगणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांतही बसत नाही. तो त्या अडचणीपाशी अडून राहिला, म्हणून पुढचं सुचलं.

क्षितिज
दोघांनाही एक इशारा. चित्र जितकं ठळक, तितकं ते आठवणीत मिसळण्याचा धोका मोठा. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरीअ‍ॅन गॅरी, एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी लोकांना बालपणीच्या न घडलेल्या वाटणाऱ्या घटना कल्पायला सांगितल्या, उदाहरणार्थ हाताने खिडकीची काच फोडणं. नुसत्या कल्पनेनंतर 'हे घडलं असावं' ही खात्री वाढली. म्हणून जुन्या प्रसंगावर मनात काही घडवायचं असेल, तर आधी जेवढं खरंच आठवतं तेवढं तारखेसह लिहून ठेवा. साक्षीदाराला किंवा लहान मुलाला 'कल्पना करून बघ, काय झालं असेल' असं कधीच विचारू नका.

शिवाय काहींना मनात चित्र दिसतच नाही. मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन यांनी २०१५ मध्ये याला 'अफँटेझिया' हे नाव दिलं. अशा लोकांनी निरभ्र यांच्या पायऱ्या शब्दांत लिहाव्यात, चित्रासाठी डोळे ताणू नयेत.

पायवाट
इशारा रास्त आहे. पण अडथळ्याविना कल्पना कुचकामी, हे मला अजूनही पटत नाही. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवरचा उपचार घ्या. झोपेच्या विकारांचे डॉक्टर बॅरी क्रेको यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर केलेली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यात दुःस्वप्नं लक्षणीय घटली. रीत साधी आहे: जागेपणी एक स्वप्न निवडायचं, हवं तसं बदलायचं, आणि रोज दहा-वीस मिनिटं फक्त बदललेलं स्वप्न मनात चालवायचं. पहिल्याच खेपेला सर्वांत भयंकर स्वप्न घेतलं, किंवा जुनं स्वप्न पुन्हा पुन्हा उगाळलं, तर त्रास वाढू शकतो. आठवड्याला दोनपेक्षा जास्त स्वप्नं घेऊ नयेत. मागे मोठा आघात असेल तर हे तज्ज्ञाच्या सोबतीनेच करावं. इथे अडथळा कुठे आला? बदल तर पूर्ण मोकळा आहे.

निरभ्र
इथे शरीर सैलावणं हेच हवं आहे. घाबरून उठणाऱ्याला जे तारतं, तेच परीक्षेला बसणाऱ्याला बुडवतं. मी बोलतोय ते अजून हात घालायच्या कामाबद्दल.

पायवाट
मग त्या मूर्तीकडेच परत पाहा, तेही हात घालायचंच काम होतं. सुळ्यातून उडालेली कपची परत चिकटवता येत नाही. कुठे थांबायचं हे कळायला सिंहाचं तोंड पहिल्या घावाआधीच पुरतं दिसलेलं असायला लागतं, आणि साडेतीनशे तास ते नजरेसमोरून हलता कामा नये.