सिल्व्हर आयोडाइड स्वतः गार नसतं, मग ढगात बर्फ कसा होतो?

मटकाकुल्फी (इंदूर)
माझं घरगुती कुल्फीचं काम आहे. बर्फात खडेमीठ घातलं की माठ जास्त गारठतो, हे बोटांना रोज कळतं. त्या भरवशावर मुलाला सांगून बसले, की कृत्रिम पावसातही विमानातून अशीच सिल्व्हर आयोडाइड नावाच्या क्षाराची पूड टाकतात, ढग गार पडतो आणि बर्फ होतो. तो म्हणाला, "आई, मूठभर पुडीनं अख्खा ढग गार कसा होईल?" मी गप्प!

रामबागचा मिस्त्री
ताई, पोराचं बरोबर आहे. ढग आधीच गार असतो, नुसता गोठायचा राहिलेला असतो.

मी फ्रीझर दुरुस्त करतो. मे महिन्यात छावणीतल्या एका दुकानदारानं बोलावलं, मशीन गार करत नाही म्हणून. आत उणे 6, आणि आरओच्या सीलबंद बाटलीत पाणी जसंच्या तसं. बाटली काउंटरवर आपटली, तर वरून खाली पांढरी लाट सरकत गेली. दुकानदार बघतच राहिला. (पैसे द्यायला मात्र दोन आठवडे लावले.) तरी बाटली दगड होत नाही, भुसभुशीत होते. गोठताना उष्णता सुटते आणि सगळं शून्यावर येतं, म्हणून जेमतेम तेरावा हिस्सा जमतो.

ढगातल्या स्वच्छ, बारीक थेंबांचं तर असं, की ते उणे 38 च्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतात. बर्फ व्हायचा तर रेणूंना षटकोनी रांगेत बसावं लागतं. चार रेणू जुळतात न जुळतात तोच विस्कटतात. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची रचना बर्फाशी इतकी जुळते, की अंतरात दीड-दोन टक्क्यांचाच फरक. रेणूंना बसायला आयता पाट मिळतो! उणे 5 च्या सुमारास काम सुरू.

1946 साली अमेरिकेत बर्नार्ड व्हॉनेगट या शास्त्रज्ञानं स्फटिकांचे तक्ते चाळून हे शोधलं. पहिला नमुना अशुद्ध निघाला, जमेना. शुद्ध घेतला आणि जमलं. त्याच वर्षी त्याचा सहकारी शेफर यानं ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, वापरला होता. ड्राय आइस उणे 78, तो खरंच गार करतो. तुमचं उत्तर त्याला लागू पडतं.

मटकाकुल्फी
म्हणजे थेंबागणिक एक कण हवा?

ढगवेडा (सोलापूर)
नाही हो, तिथेच तर गंमत आहे. त्याच तापमानाला बर्फावरच्या हवेला पाण्यावरच्या हवेपेक्षा कमी वाफ पुरते. त्यामुळे थेंबांना जेमतेम पुरणारी वाफ बर्फाच्या कणाला जास्तीची होते. तो ती ओढून फुगत जातो आणि शेजारचे थेंब वाळत जातात. एक कण हजारोंचं पाणी खातो, जड होऊन पडतो आणि खाली वितळून पाऊस होतो.

आणि तुमचं मीठही अगदीच वाया नाही. शून्याच्या वरच्या ढगांत बर्फाचा प्रश्नच नसतो. तिथे क्षाराचेच कण सोडतात, ते ओल ओढून मोठे थेंब करतात. आमच्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं प्रयोग केले तेव्हा कॅल्शियम क्लोराइड होतं.

मटकाकुल्फी
पोरानं रात्रीच चार बाटल्या ठेवल्या. तीन सरळ दगड. चौथी त्यानं हळूच उचलली, झाकण उघडून बर्फाचा खडा टाकला... खड्याभोवती पांढऱ्या सुया फुटल्या बघा! आता कुल्फीच्या फ्रीझरमध्ये मला जागा नाही.