बिब्लिओपोला: रोमन कवींनी त्याला मान दिला की टोमणे मारले?

शाईवाला:
जुन्या रोममध्ये पुस्तकविक्रेत्याला बिब्लिओपोला म्हणायचे, शब्द मूळचा ग्रीक. माझं मत, कवींना त्याच्याबद्दल आपुलकीच होती. पहिल्या शतकातला कवी मार्शियल बघा. लुपर्कस नावाचा एकजण त्याच्याकडे पुस्तक वाचायला मागतो तर हा म्हणतो, पोऱ्याला एवढ्या लांब कशाला पाठवतोस, मी तीन जिने वर राहतो, त्यापेक्षा अर्गिलेतमला जा, सीझरच्या चौकासमोर दुकान आहे, दाराच्या खांबांवर सगळे कवी लिहिलेत, अत्रेक्तसकडे माझं पुस्तक माग, 5 दिनारला देईल. दुकानाचा अख्खा पत्ता कवितेत घातलाय!

रोखठोक_नगरकर:
अहो आपुलकी कसली, धंद्याची जाहिरात आहे ती. हाच मार्शियल दुसरीकडे म्हणतो की हे पुस्तक 4 सेस्टर्सला पडतं, महाग वाटलं तर 2 ला घे, तरी त्रिफोन बिब्लिओपोला नफ्यातच राहील. आणि कवीला काय? कॉपीराइट हा प्रकारच नव्हता, प्रत एकदा बाहेर पडली की कोणीही नकलून विकावी. पार ब्रिटनमध्ये माझ्या ओळी म्हणतात म्हणे, पण माझ्या बटव्याला त्याची खबर नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

मीरा_वाचते:
दोघंही नकलनवीस विसरताय. एक दिनार म्हणजे 4 सेस्टर्स, म्हणजे अत्रेक्तसची प्रत 20 ला, कारण ती घासून गुळगुळीत केलेली, जांभळ्या वेष्टणाची. ही सगळी मेहनत बहुतेकदा गुलामांची, आणि चुका झाल्या की मार्शियल त्यांच्याच माथी मारतो! मला त्याचा तेवढा राग येतो.

शाईवाला:
मुद्दा पटला. पण नगरकर, पैसा एवढंच बघायचं का? रोमन लेखक धाकट्या प्लिनीला कळलं की लुग्दुनुमला, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लियाँला, बिब्लिओपोले आहेत आणि आपली पुस्तकं विकतायत, तर पत्रात किती खूष होतो तो. वक्तृत्वाचा शिक्षक असलेल्या क्विंटिलियनच्या मोठ्या ग्रंथाची सुरुवातच त्रिफोनला लिहिलेल्या पत्राने होते, तू रोज मागे लागलास म्हणून देतोय, प्रती मात्र बिनचूक काढ. त्रिफोनने तगादा लावला नसता तर तो ग्रंथ आणखी किती दिवस घरात पडून राहिला असता कोण जाणे.

रोखठोक_नगरकर:
क्विंटिलियनचं मान्य. पण मार्शियलने ल्यूकन ह्या कवीच्या तोंडी घातलेल्या दोन ओळी वाचा, काही लोक मला कवी मानत नाहीत, पण मला विकणारा बिब्लिओपोला मानतो. कवीला साक्षीला दुकानदारच सापडतो, ह्यात मला मान दिसत नाही, टोमणाच दिसतो.

मीरा_वाचते:
मला उलट वाटतं. टीकाकारांनी नाकारलं तरी लोक विकत घेऊन वाचतायत, हे ठामपणे सांगायला त्याच्याइतका माहितगार माणूस दुसरा कोण होता?