चित्रकाराच्या पुस्तकाला आगाऊ पैसे भरावेत का?

पेठकर
गणपतीत इन्स्टाग्रामवर नोंदणी आणि दिवाळीत पुस्तक घरपोच, असं सांगणारे स्वतंत्र चित्रकार पुण्यात बरेच झालेत. डिसेंबर उजाडला की कॉमेंटमध्ये "माझी प्रत कुठंय?" सुरू. माझं मत: पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. चित्रं झकास काढतात, पण पाचशे पाकिटं वेळेत पाठवणं हा वेगळाच उद्योग आहे आणि तो यांना झेपत नाही. अप्पा बळवंत चौकात पुस्तक चाळून मग पैसे देता येत असताना हा जुगार कशाला?

शाईवाला
प्रकाशनपूर्व सवलत म्हणून मोठे प्रकाशकही वर्षानुवर्षं हेच करत आलेत, त्याला कोणी जुगार म्हणत नाही.

उशीर नेमका कुठे होतो ते बघा. समजा ६४ पानी रंगीत कॉमिक आहे, क्राउन आकाराचं (साधारण साडेसात बाय दहा इंच). २० बाय ३० इंची कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पानं बसतात, म्हणजे प्रतीला चार कागद. ५०० प्रतींना २,००० कागद, चार रिम. रंग जुळेपर्यंत वाया जाणारे धरून पाच रिम घ्याव्या लागतात. चार फॉर्म (१६ पानांचा एक कागद म्हणजे एक फॉर्म), दोन बाजू, चार रंग: ३२ प्लेटा, म्हणजे ज्यांवरून छाप उठतो ते पत्रे. हा प्लेटांचा खर्च १५० प्रती काढा नाहीतर ५००, तेवढाच. म्हणून दीडशे ऑर्डरी आल्या की माणूस "अजून थोड्या येऊ देत" म्हणून थांबतो. तेवढ्यात प्रेसवर दिवाळी अंक चढतात, पाठोपाठ डायऱ्या-कॅलेंडरं, आणि छोटं काम मागे पडतं. यात लबाडी नाही, गणित चुकलेलं असतं.

पेठकर
मग ते गणित नोंदणीच्या पोस्टमध्ये लिहायला काय जातं? "अमुक तारखेपर्यंत ३०० ऑर्डरी आल्या तर प्लेटांवरची ऑफसेट छपाई, नाहीतर डिजिटल, तेही परवडलं नाही तर पैसे परत." दोन ओळी! डिजिटलला प्लेट लागत नाही, प्रत महाग पडते इतकंच. तो फरक कोणी सोसायचा हे आधी ठरवत नाहीत आणि मग ग्राहकाला ताटकळत ठेवतात.

कागदफूल
छापून झाल्यावरचं कोणी बोलतच नाहीये. स्क्रीनवरचा झगझगीत निळा छपाईच्या चार शाईंत (सीएमवायके) मळकट होतो, आणि प्रूफ (छपाईआधीचा नमुना) न बघता प्लेटा केल्या तर फॉर्म पुन्हा छापायची वेळ येते. गडद मुखपृष्ठाची शाई नीट सुकायच्या आत लॅमिनेशन केलं की फुगे धरतात, आणि पावसाळी हवेत सुकायला जास्त वेळ लागतो.

पण प्रती खऱ्या अडकतात त्या हिशेबात. पैसे क्यूआर कोडवर, पत्ता गूगल फॉर्मवर. फॉर्म भरते बायको, पैसे जातात नवऱ्याच्या खात्यातून. नाव जुळत नाही, ऑर्डर "पैसे आले नाहीत"च्या यादीत. फॉर्ममध्ये यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक सक्तीचा करा (स्क्रीनशॉट नको, त्यात शोधता येत नाही), म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटशी एक्सेलमध्ये सरळ जुळवता येतो. पिनकोडच्या रकान्यात सहाच आकडे घ्या, मोबाईलच्या दहा.

आणि टपालखर्च. हे पुस्तक १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) कागदावर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास जातं, वर तीन पदरी पुठ्ठा आणि प्लास्टिकची पिशवी. लोक नुसत्या पुस्तकाचं वजन धरून खर्च सांगतात, टपालदराचा वरचा टप्पा लागला की फरक दर पाकिटामागे खिशातून. एक पाकीट पूर्ण बांधून काट्यावर ठेवायचं, मग किंमत जाहीर करायची. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे जुने अंदाजही धरू नका.

मुठाकाठ
अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलचे प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरचा, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून प्रकल्प उभे करायच्या तिथल्या वेबसाइटचा, अभ्यास केला होता. यशस्वीपणे पैसे उभे केलेल्या सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही. पुण्याला तो आकडा लावता येणार नाही, पण पेठकर, बहुतेक लोक देतात हो.

पेठकर
लक्ष्मी रोडवर शंभरातली नऊ दुकानं पैसे घेऊन माल देईनाशी झाली तर तुम्ही तिथे फिरकाल?

मुठाकाठ
दाद मागायची सोय आहे की. ग्राहकांसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही.

पेठकर
चारशे रुपयांच्या कॉमिकसाठी आयोगात कोण जातंय! क्रेडिट कार्डावर निदान बँकेकडे वाद घालता येतो. यूपीआयने आपणच पाठवलेले पैसे तसे मागे खेचता येत नाहीत, आणि हे लोक बहुतेक यूपीआयच घेतात. माझी अट साधी आहे: सगळी ६४ पानं तयार असतील तरच नोंदणी उघडा.

शाईवाला
आणि ती ६४ पानं होईपर्यंत घरभाडं कोण भरणार? आगाऊ पैसे त्यासाठीच तर लागतात. कॅलेंडर असेल तर तुमची अट मान्य, फेब्रुवारीत आलेल्या कॅलेंडरचं काय करायचं? पुस्तक दोन महिने उशिरा आलं तरी वाचता येतं.

कागदफूल
घरभाड्याला पैसे वापरा, हरकत नाही. पण प्रत्येक ऑर्डरमधला कागद, छपाई, बायंडिंग आणि टपालाचा वाटा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. भाड्यात कागद गेला की पुढच्या पुस्तकाच्या नोंदणीतून हे पुस्तक छापायची वेळ येते, आणि तिथून पुढे बाहेर पडणं अवघड.

पेठकर
तसं खातं ठेवणारे किती आहेत, ते शाईवाल्यांनी सांगावं.