३+३ मध्ये अर्ध्यातून बाहेर पडलेला रुग्ण मोजायचा का?

समन्वयक_मेडिकल_चौक
पहिल्या टप्प्याची चाचणी, ३+३ पद्धत (एका डोसवर तिघं, ते ठीक राहिले तर पुढच्या तिघांना मोठा डोस), शिरेतून द्यायचं नवं केमो औषध, २१ दिवसांची सायकल. यकृतात आजार पसरलेला रुग्ण १४व्या दिवशी बाहेर पडला, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) वाढलेलं. या डोसवर आधीचे दोघं ठीक आहेत. याला तिसरा धरून डोस वाढवायचा, की बदली रुग्ण घ्यायचा?

ऑन्को_धंतोली
तिसरा धरून वाढवायचा नाहीच. २१ दिवस झाले नाहीत तर 'त्रास नाही' असं लिहिता येत नाही. आधी कारण शोधा. सोनोग्राफी करा, जुन्या स्कॅनशी ताडून पाहा. गाठींनी पित्तनलिका दाबली असेल तर दोष आजाराचा, बदली रुग्ण घ्या. तसं स्पष्ट दिसत नसेल तर डीएलटी (डोस वाढवणं अडवणारा औषधाचा गंभीर त्रास) धरा. 'ॲडव्हान्स्ड केस आहे, होणारच होतं' हे वाक्य पहिल्या टप्प्यात फार घातक, कारण पुढचा मोठा डोस नव्या तिघांच्या शिरेत जातो.

डीएलटी धरली की याच डोसवर आणखी तिघं. सहांत एकच राहिली तर वर जा. दुसरी आली तर वाढवणं बंद, आणि खालच्या डोसवर सहा रुग्ण पूर्ण करा.

फार्माको_वर्धा_रोड
सहमत. पण हा निर्णय एकट्या इन्व्हेस्टिगेटरचा (चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरचा) नाही. प्रोटोकॉलमधली 'मूल्यांकनयोग्य रुग्ण' ही व्याख्या काढा, प्रायोजकाच्या मेडिकल मॉनिटरला लेखी विचारा. आणि रुग्ण या त्रासामुळे रुग्णालयात दाखल झाला असेल तर ती एसएई (गंभीर प्रतिकूल घटना) आहे: २४ तासांत सीडीएससीओ (केंद्राची औषध नियामक संस्था), प्रायोजक आणि एथिक्स कमिटी, तिघांनाही कळवायचं. कारण ठरायची वाट पाहू नका.

नर्स_रिसर्च
दोन गोष्टी जोडते. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) जुलाब झाले की पाणी कमी पडून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) चढतं आणि ते औषधाच्या माथी बसतं. गडचिरोली-गोंदियाचे रुग्ण पहिली सायकल नागपुरातच राहतील असं पाहा. ताप ३८.३ अंश सेल्सिअसवर गेला की रात्र असली तरी यायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

पीकेचं (रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजायचं) रक्त ज्या हातात औषध चालू आहे त्यातून कधीच काढू नका, आकडा खोटा चढतो. नळीवर वेळ लिहायची ती सुई टोचल्याची, वेळापत्रकातली नाही.

समन्वयक_मेडिकल_चौक
आभार. नातेवाईक विचारतात, संत्रं चालतं का?

फार्माको_वर्धा_रोड
सीवायपी३ए४ (औषधं मोडणारं शरीरातलं एक एन्झाइम) मधून जाणारं औषध असेल तर ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद. आपलं नागपुरी संत्रं सहसा त्या यादीत नसतं. काढा मात्र बंदच, त्यात काय घातलंय ते कोणी सांगत नाही.